डा

चौथीच्या भुजबली मगदूमनं निबंध लिहिलाय,
विषय : माझा भाऊ.
‘माझा भाउ आठ महिन्यांचा आहे.
तो दिवसभर नागडा असतो.
त्याला आवडतं.’

मुख्याध्यापकांनी शब्दाभोवती लाल गोल काढला,
वर लिहिलं : विवस्त्र.
‘बाई, तपासणीला साहेब यायचेत. समडोळीचं नाव जाईल.’

विवस्त्र.
हा शब्द मी पंचनाम्यात वाचलाय,
विहिरीच्या काठी, दोन पंचांच्या सह्यांच्या वर.
आठ महिन्यांच्या पोराला तो कुठनं बसायचा?
घोट्याखाली लोंबेल, बाह्या दुमडाव्या लागतील.
शिंप्याची लेक आहे मी, मापाचं तेवढं कळतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं सांगली गाठली.
वाचनालयातला जाडा कोश दोन हातांनी खाली घेतला.
नग्न. त्याचं प्राकृतात नग्ग.
बोलता बोलता जोडाक्षरातला न गळाला,
म्हणजे शब्दानंही अंगावरचं एक उतरवलं.
मग ग सुटा झाला, आधीचा न लांबला : नाग.
ग्रंथपाल कुंभोजकर खांद्यावरून डोकावून म्हणाले,
‘आमच्या शिराळ्याच्या नागाचं मूळपण हेच काय?
त्याच्या अंगावर तरी कुठं केस हैत?’
काहीजण तसं म्हणतात, खात्री कुणालाच नाही.
कात टाकून गेलेल्याचा माग कोश किती काढणार?

इथून पुढं वाट फुटते.
एक जाते नागवणे या शब्दाकडं :
लुटणे, बुडवणे, होतं नव्हतं काढून घेणे.
ती मला पाठ आहे.
पुराचं पाणी ओसरलं तेव्हा
पायगोंडा चौगुल्यांच्या कापडदुकानापुढं
साड्यांचे गठ्ठे चिखलात मऊ पडले होते,
जरीला कृष्णेचा गाळ.
आणि ते पायरीवर बसलेले,
धोतर, सदरा, कोट, टोपी, सगळं जागच्या जागी.
म्हणाले, ‘नागवलो बघ, शिंप्याच्या पोरी.’
एवढे कपडे घातलेल्या माणसाच्या तोंडून
तो शब्द पहिल्यांदाच ऐकला,
आणि मी माझाच पदर सावरला.

त्याच रस्त्यानं चातुर्मासाआधी मुनिमहाराज येतात.
मोरपिसांची पिंछी, कमंडलू, बाकी ऊन.
तिथं हा शब्द कुणाच्या जिभेवर येत नाही.
दिगंबर म्हणतात. दिशा हेच वस्त्र.
वडलांनी हात जोडले, वाकले,
महाराज पुढं गेल्यावर मला हळूच म्हणाले,
‘चाळीस वर्सं टेप गळ्यात हाय माझ्या.
ह्याचं माप कसं घ्यायचं गं?’

उघडा निराळा.
दार उघडं, डोळा उघडा, दुधाचं पातेलं उघडं.
उघड्याला कुठंतरी झाकण असतंच.
तरी म्हणीनं दोघांना एका घरात घातलं :
उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात हिवानं मेलं.
लहानपणी मला वाटायचं,
एकमेकांना चिकटून का नाही झोपले?

दुसरी वाट आखूड. नाग, पुढं डा.
जीवडा, मुखडा, बापुडा, त्यांच्यातलाच.
कोश सांगतो, या प्रत्ययानं अर्थात भर पडत नाही.
असं कसं?
न्हाऊ घातलेलं पोर मांडीवरून निसटतं,
तेल लागलेल्या पावलांनी उंबऱ्याकडं रांगतं,
मागून आई टॉवेल घेऊन ओरडते, ‘ए नागड्या!’
तो डा काढा बरं त्यातनं.
मागं जे राहील
त्याच्यामागं कुणी टॉवेल घेऊन धावणार नाही.

सोमवारी वही घेतली.
भाउचा उ दीर्घ केला.
लाल गोलाखाली बारीक लिहिलं : बरोबर आहे.

भुजबली टेबलाशी घुटमळला.
‘बाई, थंडी पडाय लागली.
आई आता त्याला झबलं घालती.
मग वाक्य खोडू का?’

‘खोडू नको,’ म्हटलं.
‘असतो आहे ना, तिथं असायचा कर.’