प्रश्न क्रमांक सात

मानसशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत
एकेचाळीस प्रश्नावल्या, सगळ्या उजवीकडून सुरू होणाऱ्या.
पहिल्या दिवशी मी आकडे डावीकडून भरले,
आणि जी पोरं निवांत होती ती तक्त्यात कोलमडली,
जी कोलमडलेली ती निवांत.
तहसीन मॅडम हसल्या.
अगं, शून्य तिकडं आहे.

ताणाला अरबीत दग्त म्हणतात, म्हणजे दाब.
रक्ताचाही तोच, कुकरचाही तोच.
मी इचलकरंजीची. आमचा ताण मागावरच्या सुताला असतो,
दोन्हीकडून ओढलेला.
त्यांचा वरून येतो.
(आणि राजारामपुरीतली पोरं नुसतं म्हणतात,
लोड घेऊ नको भावा.)

वद्दाह ताइझचा. फार्मसी, तिसरं वर्ष, नववी गल्ली.
वाक्यं पोरांना कळतात का, हे बघायला
तो एकेक मोठ्यानं वाचायचा.
चौथ्यापाशी अडला.
असं आमच्या घरी कुणी बोलत नाही, म्हणाला,
असं बातम्यांतला माणूस बोलतो.
मग त्यानं घरचा शब्द सांगितला
आणि मॅडमनी चष्मा काढून तो दोनदा लिहिला.

सातवा प्रश्न सोपा होता.
फोन वाजला की छातीत धस्स होतं का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
एकेचाळीस जणांनी खूण केली
नेहमीवर.

संगणकानं त्या ओळीसमोर जागा कोरी सोडली.
सर म्हणाले, जिथं सगळ्यांचं उत्तर एकच
तिथं प्रश्न काही मोजत नाही. काढ तो.
बरोबरच आहे.
मोजपट्टीला फरक लागतो,
माणसामाणसांत निदान बोटभर.
मी काढला.

पंधरा दिवसांनी तीच पोरं, तीच खोली,
पंखा तेवढा दुरुस्त झालेला.
गडबडीत नंबर बदलायचे राहिले होते,
सहानंतर थेट आठ.
वद्दाहनं मधल्या फटीत पेन्सिलनं
एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं,
त्यांचं, उलट्या तोंडाचं,
आणि पुढं गेला.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला.

एकेचाळीस पेनं थांबली.

मेसवाले लोहार होते.
आज तांबडा केलाय, किती जण येताय?

अल्फा पॉइंट शहाऐंशी आला.
चांगला म्हणतात.