पीयूसी

तिसऱ्यांदा नापास.
सातारा रोडच्या पंपामागे, पंक्चरवाल्याला खेटून
ती पांढरी व्हॅन, आत स्टुलावर बिलाल.
नळी पुसत म्हणतो, "काकू, सीओ परत जास्तच."

बाणेरच्या शोरूमला एसी, कॉफी आणि निनाद लोणकर.
दर खेपेला, "मॅडम, या वेळी नक्की."
आधी सेन्सर. मग प्लग. मग एक भांडं
सायलेन्सरच्या पोटातलं, अठ्ठावीस हजारांचं.
जुनं खोक्यात घालून हातात दिलं,
अस्थी द्याव्यात तसं.
डिकीत आहे अजून. स्पीडब्रेकर आला की वाजतं.

पिवळा दिवा तिथून विझून निघतो
आणि विद्यापीठ चौकात
सिग्नलला उभं असताना हळूच डोळा उघडतो.

आज बिलालच म्हणाला,
"नळी अर्धीच घालतो. दोनशे वर द्या. होतंय पास."
आणि खोकला.
कोरडा, सवयीचा, वाक्याच्या मधेच येऊन बसणारा.
"कधीपासून रे?"
"व्हॅन घेतली तेव्हापासून असेल.
मोजलं नाही कधी."

मी इंजिन बंद केलं.
त्याला म्हटलं, आहे तोच आकडा छाप.

उद्या परत बाणेर.
कॉफी नको, निनाद.
बॉनेट उघड. मी इथेच उभी आहे.