सोय

आंब्याचा रस काढायचं नवं मशीन फॅक्टरीत आलं,
त्याच्यामागून दहा दिवसांनी एउसेबियो आला,
मुर्सिया की कुठल्या लिंबांच्या मुलखातला,
हातात पाना, मानेवर उन्हाचा लाल चट्टा.
इंग्रजी आमच्या शेठइतकंच, म्हणजे हातवारे.

शेठ म्हणाले, प्रांजल, तू बारावी झालेली,
जरा त्याचं बोलणं शीक बघू,
निदान ओळख करून देण्यापुरतं.

मग रात्री पडवीत मोबाइल घेऊन बसायचे.
त्यातली बाई म्हणायची, तिच्यामागून मी:
मे यामो प्रांजल.
शब्दाला शब्द लावला तर:
मी स्वतःला हाक मारते, प्रांजल.
स्वतःला कोण हाक मारतं?
आमच्यात हाक दुसऱ्याने मारायची,
गडग्यावरून, बावीवरून, पलीकडच्या कातळावरून,
आणि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला
ओ द्यायची नसते.

दुसरं वाक्य सोपं.
सोय प्रांजल. सोय म्हणजे मी आहे.
आई आतून ओरडली,
कसली गो सोय? खंय लागली?

असण्याला त्यांच्यात दोन शब्द.
मी देवगडची आहे, हा एक.
मी सीझनपुरती कामाला आहे, हा दुसरा.
आमचं एकटं 'आहे' दोन्हीकडे राबतं.

स्वतःपुरतं जमलं. पुढचा धडा दुसऱ्यांचा.
एस्ता एस, ही आहे.
से यामा, ती स्वतःला हाक मारते,
आणि पुढे रिकामी जागा.
कापायच्या टेबलावर अठरा बायका.
मुणग्याची, तांबळडेगची, कातवणची,
बाबल्याची आवस, तारणीची जाव,
तीन सीझन सोबत डबा खाल्ला
आणि रिकाम्या जागेत भरायला एक नाव नाही.

दुपारी वही घेऊन गेले.
तुमचा नाव काय?
हसूनहसून सुऱ्या खाली ठेवल्या.
आता ह्या वयात नाव घेवक लावतंस?
एकीने तर उखाणाच घातला, नवऱ्यासकट.
नवऱ्याचा नको गे, तुमचा.

कातवणची काही बोलली नाही.
मस्टरवर ती विजया.
म्हटलं, तसं नाही, तुम्ही स्वतःला
काय हाक मारता, असं विचारतात ते.
ती बाठा खरवडत राहिली,
त्याला काही उरलं नव्हतं तरी.
मग म्हणाली, द्वारकी.
मग बऱ्याच वेळाने,
लग्नात तांदळात बोटान विजया लिवल्यानी.
माका खंय वाचूक येय होता.

दुसऱ्या दिवशी एउसेबियोने टोपी काढली.
मी एकेकीपाशी थांबत गेले, एस्ता एस, एस्ता एस,
माझी जीभ अडखळली तिथे बायकांनी मान डोलावून
मला पुढे ढकललं.
से यामा द्वारकी.
तो म्हणाला, मूचो गुस्तो, दुआर्की.
काय म्हणता तो?
मी घाईत सांगून टाकलं, लय चव.
तिने चिकाने काळे पडलेले हात पाहिले,
हस्तांदोलन काही तिला सुचलं नाही,
समोरच्या पातेल्यातली एक फोड उचलून
त्याच्या पुढ्यात धरली.
त्याने ती उभ्याउभ्या खाल्ली.
रस कोपरापर्यंत गेला तरी पुसला नाही.

अडीचला मशीन सुरू झालं.
आवाज एवढा की शेजारणीची हाक पोचेना.

पुढल्या सीझनला आठ बायका पुरतील,
हे शेठ मला आधीच बोलले होते.
बाकी दहांची सोय काय,
हे कसं विचारायचं ते धड्यात नव्हतं.
मराठीत येत होतं. विचारलं नाही.

संध्याकाळी मस्टर मिटण्याआधी
विजयाच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक,
द्वारकी लिहिलं.
खोडता येईल असं.