आणखी दहा

सतरा वर्षं मी होडीच्या शेपटाशी बसले,
गुडघे पोटाशी, सुकाणूची दोरी मुठीत,
तोंडाला पट्ट्यानं बांधलेला छोटा कर्णा.
आठ जणी माझ्याकडं तोंड करून वल्हवायच्या.
किनारा फक्त मला दिसायचा.

"ओढ, युर्गा! खांदे पाड, डोमान्ते!
मेलीस का? आणखी दहा!"
गाल्वे तळ्यावर माझा आवाज
किल्ल्याच्या लाल विटांना आपटून परत यायचा
आणि मला वाटायचं,
होडी माझ्या जिभेवर चालते.
वल्ह्याला मी कधी हात लावला नाही.
वजन त्रेचाळीस किलो, तेवढीच माझी पात्रता.

आता बावन्न. पहाटे तीनला बेकरी.
खिमा भरून किबिनाईच्या कडांना मुरड घालते,
दिवसाला चारशे.
मनालाही घालतच होते तेवीस वर्षं,
ती कुणी मोजली नाहीत.

एप्रिलमध्ये क्लबानं जुन्या होड्या विकायला काढल्या.
एकटीपुरती एक होती, तळाला ठिगळ,
सायकलच्या किमतीत.
घेतली.
"ठेवणार कुठं?" नवरा म्हणाला.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही
हे बरंच झालं.
ठरवलं होतं एवढंच:
धक्क्यापासून बेटाला वळसा आणि परत,
बर्फ धरायच्या आत.

पहिल्या दिवशी मीच मला कर्णा लावला.
ओढ, झिविले! हात आहेत की लाकडं?
बाराव्या वल्ह्याला होडी उलटली.
मे महिन्यातलं पाणी,
हिवाळा अजून तळाशी बसलेला.
होडी ढकलत, खोकत धक्क्याशी आले
तर गळ टाकून बसलेला म्हातारा विचारतो,
"कोण ओरडत होतं मघाशी?"
"मीच."
"आणि कुणावर?"

रात्री केस पुसता पुसता
डोमान्तेला फोन केला, क्लाइपेदाला.
ती आता बंदरात कंटेनरच्या नोंदी ठेवते.
विचारलं, मी ओरडायचे तेव्हा
तुला नक्की काय ऐकू यायचं गं?
ती हसली. "शब्द? छे!
तुझं तोंड नुसतं हलायचं.
आकडे तेवढे यायचे.
आकडा ऐकला की वाटायचं,
हे कुठंतरी संपणार आहे."

म्हणजे सतरा वर्षांची माझी सगळी आग
वाऱ्यावर गेली होती
आणि कामी आलं होतं ते
एक ते दहा, शाळेतल्या पहिल्या दिवसाचं.

त्या रात्री झोप लागली नाही.
आजवर मी स्वतःला पाण्यातच पाहत आले,
म्हटलं, आता जरा पाण्यावर बघू.

तेव्हापासून नुसती मोजते.
पीठ मळताना पुटपुटावं, तशी.
दहा झाले की वल्ही आडवी धरून थांबते,
कुठून आले ते बघते.
बघायला मागचंच तर असतं!
वल्हवणाऱ्याची पाठ असते पुढच्या दिशेला,
पोचायची जागा त्याला दिसत नाही.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा आठ चेहरे रोज सांगत होते
आणि मी त्यांच्या डोक्यांवरून बघत होते.

काही सकाळी आकडा सातवर अडतो.
अडू दे.
सातचे दहा म्हणायचे नाहीत,
नियम म्हणून एवढा एकच ठेवलाय.
एकदा तीनवर अडला होता, बहिणीच्या श्राद्धाच्या आठवड्यात.
तेव्हा परत मागं वळताना स्वतःला म्हटलं,
"घरी चल, चहा घे."
असं मी युर्गाला कधी म्हटलं नव्हतं.
म्हणायला हवं होतं,
तिचा बाप गेला त्या शर्यतीला.

आज ऑक्टोबर सरतोय.
बेटाला वळसा झालेला नाही.
लाकडी पुलापर्यंत पोचते, तिथून किल्ला
मानेमागं इतका जवळ येतो
की त्याची सावली वल्ह्यावर पडते.
लव्हाळ्यांच्या मुळाशी पहाटे पातळ काच धरलीय.
म्हातारा गळ गुंडाळतो, होडीकडं बघतो.
"आता पुढच्या वर्षीच, काय?"

तळ्याचा मधला भाग अजून हलतोय.
मी हातमोजे काढते, वल्ही पाण्यात टेकवते.
"आणखी दहा," म्हणते,
त्याला ऐकू न जाईल इतक्या हळू.