अगेन्स्ट नको

कौन्सिलचं पत्र आलं नाताळानंतर,
चिखल अजून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना.
त्यात लिहिलं होतं: पुराच्या 'अगेन्स्ट'
मिटिगेट करण्यासाठी योजना आखत आहोत.
मी लाल पेन्सिल शोधली.
घरात तेवढी एकच वस्तू कोरडी होती.
'अगेन्स्ट' खोडलं, समासात लिहिलं:
हे क्रियापद कुणाच्या विरुद्ध उभं राहत नाही,
मारणाऱ्याचं मनगट धरतं, जरासं,
म्हणजे फटका पडतोच, पण कमी जोराने.

पत्र परत पाठवलं. उत्तर आलं नाही.

पस्तीस वर्षं हेच शिकवलं मी या दरीत.
डेल अटली शेवटच्या बाकावर,
खिशात नट, बोल्ट, एकदा जिवंत बेडूक.
शब्दाचे तुकडे केले की त्याला कळायचा,
सायकलसारखा.
परत जोडता मात्र यायचा नाही.

त्या रात्री कॉल्डर नदी
पुलाच्या कमानीत मावेना, तेव्हा
त्याने ग्रीनवुडच्या यार्डाचं कुलूप तोडलं,
डिझेलचा पंप ढकलत आणला गल्लीतून
आणि स्वतःच्या आईचं दार ओलांडून
माझ्या तळघरात पाइप सोडला.
"सर, पुस्तकं खाली आहेत ना तुमची?"
मग पहाटेपर्यंत आम्ही बोललो नाही,
पंपच बोलत होता.
छातीला लागलेलं पाणी गुडघ्यावर आलं.
गुडघ्याखाली काही गेलं नाही.

मार्चमध्ये कोर्ट.
वकीलबाई तरुण, बुटांना अजून दुकानाची चमक.
उभ्या राहून म्हणाल्या, "इन मिटिगेशन, मॅडम..."
मी दचकलो.
तोच शब्द, आता नाम होऊन,
इस्त्रीचा कोट घालून आलेला.
कुलूप तुटलं, पंप चोरला, उजाडता उजाडता तो जळलाही,
हे सगळं कबूल केल्यावरच
त्याला तोंड उघडता येतं.
मग तो आकड्याच्या कानाशी लागतो
आणि काहीतरी पुटपुटतो.

मला साक्षीला बोलावलं.
म्हणालो, स्पेलिंग वाईट आहे त्याचं, हात चांगले आहेत.
मागे कुणीतरी हसलं.
डेलची आई हसली नाही.
तिच्या स्वयंपाकघरात पाणी खिडकीपर्यंत चढलं होतं
आणि तिची बाजू मांडायला
त्या खोलीत कुणीच नेमलेलं नव्हतं.

सहाशे पौंडांचा दंड चारशेवर आला.
दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं,
तर आमच्या गल्लीत विटेचं एक घर नाही.

घरी येऊन शब्दकोश काढला,
पुरातला, फुगून पावासारखा झालेला.
एमची पानं एकमेकांना चिकटलेली.
लोणी लावायची सुरी घालून सोडवत बसलो.
निम्मी शाई समोरच्या पानावर उलटी उमटली होती.
एवढं वाचता आलं: मूळ लॅटिन, मीतिस.
मऊ, सौम्य.
पिकलेल्या फळाबद्दलही वापरत.
हे फळ मी कुठल्याच वर्गाला सांगितलं नव्हतं,
परीक्षेत येत नसे.

शनिवारी बाजारातून नासपती घेतल्या, सहा,
आणि अटलींचं दार वाजवलं.
पहिल्या वाक्याची तयारी केली होती,
ती उंबऱ्यावरच विसरलो.
तिच्या मागे भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती,
कुणीतरी खालून पुसायला सुरुवात करून
मध्येच सोडलेली.
तिने एक नासपती अंगठ्याने दाबून पाहिली.
"कच्च्या आहेत," म्हणाली
आणि दार लावून घेतलं.

पिशवी मात्र आत नेली.