आता की नंतर

शटर वर केलं की आधी उदबत्ती, मग सीपीयू.
तो घरघरतो, दोनदा खोकतो,
चहा निम्मा होईतोवर पडदा उजळत नाही.
उजळला की कोपऱ्यातून तीच पाटी वर येते:
नवी प्रणाली तयार आहे. आता की नंतर?
नंतर, म्हणतो मी.
दीड वर्ष झालं, नंतर म्हणतोय.

बसू हिरेमठ येऊन बघून गेला.
मागं वाकला, पंचवीस भोकांच्या खोबणीतलं
माझं फॉन्टाचं कुलूप हलवून बघितलं.
'इदु आगल्ल री, मामा.
नवं हे ओळखत नाही. फॉन्ट गेला म्हणायचा.'

गेला म्हणजे काय गेलं?
त्यानं आपल्या लॅपटॉपवर माझी एक पत्रिका उघडून दाखवली.
कपिलेश्वर प्रसन्नच्या जागी डॉलर,
वधूपिता म्हणजे दोन कंस आणि एक पौंड,
आणि आपले विनीत
सगळे उलटी प्रश्नचिन्हं होऊन ओळीत उभे.

बोटांचं कुणाला सांगू?
सत्तावीस वर्षं पहिली वेलांटी आधी मारली,
अक्षर मागून.
नव्यात म्हणे अक्षर आधी, वेलांटी नंतर,
बोलतो तसं.
बोलतो तसं लिहायचं
या वयात कसं शिकायचं रे बसू?

कुंद्याच्या रिकाम्या खोक्यांत सीड्या आहेत.
शहापूरची लग्नं, वडगावची बारशी,
रक्षाविसर्जनाची कार्डं, रात्री दीडला उठून केलेली.
त्यात सातेरी मुतगेकरचा 'सातरी' झालाय,
पाचशे प्रती.
अजून भेटला की हाक मारतो, 'काय हो, काना-मात्रा बरे हैत का?'
चूक होती, पण वाचता येत होती.

आणि गावाच्या नावाचं अपडेट आलं तेव्हा
नंतर असं बटणच नव्हतं.
सकाळी बस आली ती नव्या पाटीची.
आम्ही चढलो. तिकीट तेवढंच होतं.
माझ्या फायलींत मात्र बेळगाव तसंच आहे, हजारदा,
आणि ते मी बदललेलं नाही.

परवा मण्णूरच्या चौगुल्यांची सुप्रिता आली.
नवरा बैलहोंगलचा.
'काका, दोन्ही भाषा पाहिजेत.
वरखाली नकोत. शेजारी शेजारी.'
मी म्हटलं, बाई, माझ्याकडं कन्नड म्हणजे चित्र.
बसू लिहून देतो, मी चिकटवतो.
एक मात्रा चुकली तरी परत त्याच्या दारात.
ती हसली नाही. फोन काढला,
अंगठ्यानं तिचं नाव, त्याचं नाव,
इकडची लिपी, तिकडची लिपी,
एका ओळीत, मध्ये फक्त एक जागा सोडून.
'हे असं,' म्हणाली.

मी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिलो.
ती जागा माझ्या मशीनमध्ये कधी नव्हती.

रविवारी बसूनं नवा डबा आणून बसवला.
जुन्याची इंटरनेटची वायर काढली,
त्याला कोपऱ्यात, कागदाच्या रिमांशेजारी ठेवलं.
विकायचा नाही म्हटलं. का, ते त्यानं विचारलं नाही.
कुलूप मी खिशात टाकलं,
कशाला ते मलाही माहीत नाही.

तो गेल्यावर दार ओढून घेतलं आणि बसलो.
पहिला शब्द चिरंजीव.
बोट सवयीनं आधी वेलांटीवर गेलं.
पडद्यावर च नाही, काही नाही,
एक टिंबाटिंबांचं पोकळ वर्तुळ उमटलं,
आणि त्याला टेकून माझी वेलांटी उभी,
अक्षराची वाट बघत.