राखाडी दगडावरची रेघ

माझं काम दगड घासायचं.
स्टावांगरच्या कलाशाळेत, तळघरात,
दगडावर दगड, मध्ये वाळू आणि पाणी.
वर मुलं चित्रं काढतात,
खाली मी ती पुसतो.
तेवीस वर्षांत बोटांवरचे ठसे झिजून गेले,
माझाच फोन मला ओळखत नाही.

काळ्या दगडावरची रेघ म्हणे कायमची.
आमचे दगड राखाडी.
रेघ दोन तासांत जाते, हट्टी असली तर तीन.
पण पुरती गेली का, ते दगडालाच ठाऊक.
ओल्या हवेत एखाद्या सकाळी
खालून जुनं काहीतरी वर येतं:
सार्डिनची शेपटी, अर्धा मुकुट,
कुठल्याशा लेबलावरचं एक उलटं अक्षर.

कारण हे दगड बंदरावरच्या कारखान्याचे.
माशांच्या डब्यांची लेबलं छापायचे त्यांवर.
कारखाना बंद पडला तेव्हा शाळेने ते उचलून आणले,
सोबत अडतीस खोकी आली.
तेव्हा आम्ही त्यांना अडगळ म्हणायचो.
आता अभिलेखागार म्हणायचं,
आणि हात लावायच्या आधी मोजे घालायचे.

यंदा शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगितलं,
खोक्यांतून हाताला लागेल ते छापा.
फ्रोडेने पावत्यांवरची कॉफीच्या कपांची वर्तुळं छापली.
एकीने नुसता गंज.
सुन्निवाला पगाराची वही मिळाली:
मार्च १९५२. ओडलाउग, वय सतरा.
कामावर असताना हसली.
दंड चाळीस ओरे.

तिने तेवढंच घेतलं,
कारकुनाच्याच वळणदार अक्षरात,
दगडावर उलटं लिहून.
'हसली' उलटं लिहिताना तिचा हात तीनदा चुकला,
तीनदा मी दगड घासला.
चौथ्यांदा ती ओशाळली.
म्हटलं, अगं, माझं पोट त्यावरच आहे.

फेब्रुवारीत धक्क्यावरच्या नावघरात प्रदर्शन लागलं.
बाहेर गारठा, कागदी कपांत वाईन,
एक प्राध्यापक बोलत होते:
नोंदींतली शांतता, सत्तेचा हस्ताक्षर-बिस्ताक्षर.
मी खिळे मोजत उभा.
तेवढ्यात चाकांचा वॉकर ढकलत एक म्हातारी आली,
सुन्निवाच्या ठशापुढे थांबली,
चष्मा काढला,
आणि सरळ कागदावर बोट ठेवलं.

अडवायला मला ठेवलेलं. मी नाही अडवलं.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.
"हसली ती बोर्गहिल.
मुकादमाची टोपी तेलाच्या पिंपात पडली,
मी फक्त मान वर केली होती.
आणि चाळीस कुठले? साठ कापले.
वरचे वीस त्याच्या खिशात."

प्राध्यापकांची वाईन कपातच राहिली.
अभिलेखपाल बाई हळूच म्हणाल्या,
नोंदीत बदल करता येत नाही.
सुन्निवाने कानामागची पेन्सिल काढली.
ठशाखाली जिथे तिने ३/१२ लिहून सही केली होती
तिथेच पेन्सिल टेकवायला सांगितलं म्हातारीला.
ती बराच वेळ लिहीत होती.
दोनच गोष्टी लिहिल्या: बोर्गहिल. ६०.
मग शाळेकडे वीस ओरे मागितले.
ते नाणं कधीच बंद झालंय, कुणीतरी सांगितलं.
"माहितेय मला," ती म्हणाली.

बाकीच्या अकरा प्रतींवर अजून चाळीसच आहेत.
दोन विकल्या गेल्या.

सोमवारी दगड परत खाली आला.
पुढच्या मुलाला त्यावर खेकडा काढायचाय.
वाळू, पाणी, गोल गोल.
दंड लगेच गेला. तारीख गेली.
तीन तास झाले, खांदा भरून आला,
मधला एक शब्द तेवढा फिकट राहिला.
पोराने विचारलं, हा डाग कसला?
म्हटलं, दगड जुना आहे.
काढ तू खेकडा.